ठेवीचा विमा की कर्जांचे तारण?

बेळगावात शहापूर-टिळकवाडीकडचा निवृत्त माणूस आयुष्याची पुंजी गुंतवताना आधी बँकेच्या पासबुकावर विश्वास टाकतो आणि त्याला कारणही आहे: बँक, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर ठेव विमा महामंडळ मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत भरपाई देते. (सौहार्द सोसायट्यांतील, म्हणजे बँक नसलेल्या सहकारी पतसंस्थांतील, ठेवींना हा विमा नाही, हे आमच्याकडे अजूनही अनेकांना ठाऊक नसते.) तेवढ्या रकमेसाठी मला कव्हर्ड बाँडपेक्षा, म्हणजे कर्जांच्या तारणावर बँक वा वित्तसंस्था काढते त्या रोख्यांपेक्षा, ठेवच योग्य वाटते.

कव्हर्ड बाँडला विमा नसतो. तिथे संरक्षण दुहेरी दाव्याचे असते. रोखे काढणारी संस्था परतफेडीस बांधील असतेच, आणि ती कोसळली तर वेगळ्या काढलेल्या कर्जांच्या, उदाहरणार्थ पाटल्या-बांगड्या गहाण ठेवून घेतलेल्या सोनेतारण कर्जांच्या, वसुलीवर रोखेधारकांचा अग्रहक्क राहतो. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने हा हक्क कायद्यात बसवला, शिवाय १८० दिवसांच्या निव्वळ देण्यांपुरती तरल, म्हणजे चटकन रोख होणारी, मालमत्ता राखणे बंधनकारक केले. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. कर्जे करारान्वये न्यासाकडे (ट्रस्टकडे) सोपवली जातात, म्हणून न्यासाचा करार आणि रोख्यांच्या तुलनेत तारण किती जास्त आहे, हे वाचल्याशिवाय कोणी सही करू नये, असे मी कळकळीने सांगेन.