२एन३०५५ वाला जुना अ‍ॅम्प्लिफायर: दुरुस्तीनंतर दिवाळी ते पावसाळा

दिवाळीच्या आधी दुरुस्त केलेला हा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आता अर्ध्या पावसाळ्यातून गेलाय आणि रोज संध्याकाळी वाजतोय. आता लिहायला हरकत नाही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यातलं कौतुक कुणाच्याच कामाचं नसतं.

यंत्र ऐंशीच्या दशकातलं, आपल्याकडेच जोडलेलं, मामाकडून आलेलं. प्रत्येक चॅनलला २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी आणि १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे रेक्टिफायरनंतर अधिक-उणे २५ व्होल्ट मिळतात. ८ ओहमच्या स्पीकरला यातून खरे वॉट मिळणार फार तर ३०, समोरच्या पट्टीवर काहीही छापलेलं असो. दहा बाय बाराच्या खोलीला तेवढे पुरून उरतात.

दुखणं उजव्या चॅनलचं होतं: फ्यूज उडायचा. माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी दुरुस्त झालेला. दोन्हीकडे जळालेले ट्रान्झिस्टर बदलले, पैसे घेतले आणि थोड्या दिवसांत पुन्हा तेच. झाकण उघडलं तर फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळावा अशी चोख व्यवस्था.

जळालेला ट्रान्झिस्टर शोधायला अक्कल लागत नाही, मीटर डायोडवर लावला की त्याच्या कलेक्टर आणि एमिटर या टोकांमध्ये शॉर्ट दिसतो. तो का जळला हे शोधायला लागते. नवी जोडी बसवल्यावर मी अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगला न लावता सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे विजेच्या वाटेत ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब घालून. करंट जास्त गेला की बल्ब पेटतो आणि यंत्र वाचतं. सर्किट ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. इथेही तसंच झालं. पण प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने बोर्डवर ठिकठिकाणी टकटक करत गेलो, तेव्हा बायसच्या प्रीसेटला (स्क्रूने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला) धक्का लागताच बल्ब भसकन पेटला. चोर तिथे बसला होता.

गाणं वाजत नसतानाही आउटपुटच्या दोन्ही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, तोच बायस. तो किती, हे एक छोटा ट्रान्झिस्टर आणि त्याच्या शेजारचा उघडा कार्बन प्रीसेट ठरवतात. या बोर्डवर प्रीसेट त्या छोट्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसच्या मध्ये होता. चाळीस वर्षांच्या धुळीने आणि दमटपणाने त्याचा सरकता काटा मधूनच संपर्क सोडायचा. तसं झालं की बायस एकदम पूर्ण चढतो, दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी उघडतात आणि अधिकचा करंट सरळ उण्याकडे धावतो. अशा ठिकाणी कितीही नवे ट्रान्झिस्टर घाला, ते बळीच जाणार. मी बंद डब्यातला मल्टिटर्न प्रीसेट घेतला आणि तो बेस-एमिटरच्या बाजूला लावला. आता संपर्क तुटला तरी बायस कमीच होतो. आवाज थोडा फाटेल, पण जळणार काही नाही. दोन्ही चॅनलना हाच बदल केला. एमिटरच्या ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ३० मिलिअँपियर, एवढा बायस ठेवलाय.

सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून आणले. २एन३०५५ मात्र जपून घ्या. नकली मालात मोठ्या धातूच्या टोपीखाली सिलिकॉनची चकती अगदीच चिमुकली असते. जरा आवाज वाढवला की खेळ खलास. जुन्यातला एक जळका ट्रान्झिस्टर कापून पाहिला, तो तसलाच निघाला. खरा माल घेतला तरी आणखी एक भानगड आहे. हा ट्रान्झिस्टर साठच्या दशकात आला तेव्हा बराच सुस्त होता. आजचे एपिटॅक्सियल बनावटीचे त्याहून चपळ आहेत आणि जुन्या सर्किटमध्ये ते कधीकधी स्वतःच अतिवेगवान विद्युत कंपनं सुरू करतात. कानाला काही कळत नाही, पण आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर विनाकारण तापतो. माझा तापला होता. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर खात्री केली आणि ड्रायव्हरच्या आधीच्या ट्रान्झिस्टरला काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून ते थांबवलं.

फिल्टरचे कपॅसिटर बदलले: ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट, १०५ अंशांचे. याहून फार मोठे घालायचा मोह आवरा, चालू करताना ब्रिज रेक्टिफायरवर उगाच ताण येतो. पॉलिस्टर आणि सिरॅमिक कपॅसिटरना हात लावला नाही, ते बरे होते. सगळेच बदलणाऱ्यांची एक जमात आहे, त्यांच्याशी माझं जमत नाही. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवली. शिवाय युपीसी१२३७ आयसीचं स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड घातलं. मूळ यंत्रात स्पीकर जोडणारा-तोडणारा रिले नव्हता, चालू करताना धप्प व्हायचं आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर २५ व्होल्ट थेट वूफरवर. सगळा खर्च अडीच हजारांच्या आसपास, स्वतःच्या कष्टाचे पैसे न धरता.

एप्रिल-मे खरी परीक्षा होती. रात्री आमच्याकडे व्होल्टेज २४५ च्या वर जातं. तरी हीटसिंकवर हात ठेवता यायचा, बायस १३ मिलिव्होल्टपलीकडे गेला नाही. तारेच्या जागी घातलेला फ्यूज अजून तोच आहे.

आवाजाबद्दल सांगायचं तर 'जुन्याची ऊब' वगैरे मला काही ऐकू आली नाही. डग्गा भरीव आणि मोकळा वाजतो, गाणाऱ्याचा आवाज स्वच्छ, वरच्या पट्टीला किंचित मऊपणा. हजारभराचं आजचं क्लास-डी बोर्ड याच्या तोडीस तोड वाजेल. मला हवे होते ते याचे बास-ट्रेबलचे वजनदार खटके आणि आकाशवाणी ऐकताना लागणारा, हाताला जाणवणारा व्हॉल्यूम.

तक्रारी आहेतच. मागची इनपुट पाच पिनांची डिन (जुन्या पद्धतीचं गोल सॉकेट) आहे आणि ती मोबाइलला फारच संवेदनशील, त्यामुळे केबलमध्येच दोन रेझिस्टर घालून सिग्नल कमी करावा लागला. सेट-टॉप बॉक्स जोडला की डिशच्या वायरीतून अर्थ दोनदा मिळतो आणि गुणगुण सुरू होते. जून लागताच सिलेक्टर स्विच पुन्हा खरखरला. क्लीनर मारला की महिनाभर गप्प बसतो. ट्रान्सफॉर्मरच्या उबेला झुरळं येतात, म्हणून मागच्या भोकांना आतून बारीक जाळी लावलीय.

असं यंत्र कुणी 'चालू आहे' म्हणून विकत असेल, तर झाकण उघडायला सांगा. फ्यूजमध्ये तार आहे का, ट्रान्झिस्टर चारही एकाच छापाचे आहेत का हे बघा आणि स्पीकर काढून आउटपुटवर डीसी मोजा. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर किमतीचं बोला, व्होल्टात दिसला तर भंगाराचा भाव सांगा.