भाड्याने देण्याआधी घराची वीजतपासणी: बेळगावातल्या सेवेबद्दल

शहापूर-टिळकवाडीतल्या जुन्या घरांसाठी ही तपासणी खरंच उपयोगाची आहे. तंत्रज्ञ आधी सगळी उपकरणं बंद करून मीटरचा दिवा पाहतो. तरीही तो लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते किंवा दुसऱ्याची वायर जोडलेली असू शकते. मग क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणारं यंत्र) गीझर, फ्रिज, पंप तपासतो. 2 किलोवॅटचा गीझर तासभर चालला की 2 युनिट; जुना पंखा साधारण 75 वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा 30च्या आसपास. गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना) महिन्याला 200 युनिट ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं, म्हणून भाडेकरूला हे आकडे आधीच दाखवा. फ्रिजच्या दाराचं रबर घट्ट बसतं का, हे दारात कागद अडकवून तपासतात, हे फार आवडलं. उणीव मोठी आहे: कौलांखालची उष्णता मोजतच नाहीत.