एफझेडएफ वापरताना एस्केपचा विचार आधी करा

टर्मिनलवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये यादीतून निवड करायला बॅश या शेलमधलं 'सिलेक्ट' मी बरीच वर्षं वापरलं. आकडा टाइप करा, एंटर मारा. यादी १० ओळींची असेतो ठीक. २०० बॅकअप फोल्डर समोर आले की आकडा शोधतानाच जीव जातो. मग टर्मिनलमध्ये मेनू दाखवणारं 'डायलॉग' लावून पाहिलं. चौकटी छान, पण निवडलेलं उत्तर ते मुळात स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर टाकतं. व्हेरिएबलमध्ये पकडायचं तर या वाटांच्या क्रमांकांची (फाइल डिस्क्रिप्टरची) अदलाबदल करत बसा.

यादीत शोधून निवड करून देणाऱ्या एफझेडएफ या टर्मिनलवरच्या टूलने ही कटकट मिटवली. कुठल्याही कमांडची यादी पाइपने आत सोडायची, दोन-चार अक्षरं टाइप करायची (सलग नसली तरी चालतात), निवडलेली ओळ सरळ स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे आउटपुटच्या नेहमीच्या वाटेवर. मल्टी पर्याय दिला की टॅबने हव्या तितक्या ओळींवर खूण करता येते. प्रीव्ह्यूवर तर मी फिदा आहे: कर्सर ज्या फोल्डरवर, त्यातल्या फाइली शेजारीच दिसतात.

एकदा मात्र हात पोळले. जुने बॅकअप उडवायची स्क्रिप्ट चालवली आणि विचार बदलला म्हणून एस्केप दाबलं. निवड रिकामी आली, स्क्रिप्ट तशीच पुढे गेली, मूळ मार्गाला रिकामं नाव जोडलं आणि अख्खं फोल्डर साफ! चूक माझीच. एस्केपवर एफझेडएफ १३० हा एक्झिट कोड (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा) देतं, तो मी तपासलाच नव्हता. चाचणीचं फोल्डर होतं म्हणून निभावलं.

नुसतं हो-नाही विचारायला हे आणू नका, तिथे बॅशचं साधं 'रीड' पुरे. आणि जिथे काही इन्स्टॉल करायची मुभा नाही, अशा सर्व्हरवर मी अजूनही मुकाट 'सिलेक्ट'च लिहितो.