गळती आधी काढायची की व्हीएफडी कॉम्प्रेसर आधी घ्यायचा?

मशीन शॉपचं वीजबिल फुगलं की दोन सल्ले हमखास मिळतात. कॉम्प्रेसर विकणारा म्हणतो, जुना काढा, व्हीएफडी (हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असलेला घ्या. मेंटेनन्सवाला म्हणतो, आधी हवेची गळती काढा. दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण क्रम चुकला तर पैसे दोनदा जातात.

भोसरी-सातपूरकडे सर्रास दिसणारा 30 एचपीचा लोड-अनलोड स्क्रू कॉम्प्रेसर घेऊ: लोडवर तो हवा भरतो, अनलोडवर हवा न देता नुसता फिरतो. 7 बार दाबाला मिनिटाला साधारण 3.6 घनमीटर हवा. लोडवर 24 किलोवॉट, अनलोडवर 7.5. दोन पाळ्यांचे वर्षाला 4,800 तास, त्यातला 60 टक्के वेळ लोड. युनिटला 9 रुपये धरू.

व्हीएफडी वाचवतो ती मुख्यतः अनलोडची वीज: 1,920 तास गुणिले 7.5 म्हणजे 14,400 युनिट. ड्राइव्ह स्वतः एकूण विजेच्या तीनेक टक्के खातो, तेवढं वजा केल्यावर हातात साधारण 12,000 युनिट, म्हणजे लाखभर रुपये उरतात. त्यासाठी गुंतवणूक मात्र काही लाखांची.

आता गळती. रविवारी सगळी मशीन बंद ठेवा, पण त्यांचे एअर व्हॉल्व्ह उघडे राहू द्या. कॉम्प्रेसर चालू करा आणि पाच-सहा फेऱ्यांचे लोड व अनलोडचे सेकंद लिहून काढा. लोड 20 सेकंद आणि अनलोड 60 सेकंद आला, तर 80 पैकी 20, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा वाया जाते आहे. जुन्या लाइनीत हा आकडा नवलाचा नाही. तो 10 टक्क्यांवर आणला की लोडचे 720 तास अनलोडमध्ये जातात. प्रत्येक तासाला 16.5 युनिट वाचतात, म्हणजे जवळपास 11,900 युनिट. बचत व्हीएफडीएवढीच, खर्च फिटिंग, सील, बॉल व्हॉल्व्ह आणि फिटरच्या काही रविवारांचा.

कागदावरचे आकडे नेहमी फुगलेले असतात, हेही लक्षात ठेवा. 7 बारला 3 मिमीचं भोक 4 किलोवॉटच्या आसपास खातं असं तक्ते सांगतात. लोड-अनलोड मशीनवर ती सगळी वीज वाचत नाही, कारण लोड कमी झाला तरी मोटर अनलोडमध्ये फिरतच राहते. म्हणूनच गळती काढल्यावर व्हीएफडीची गरज संपत नाही, उलट वाढते: वरच्या उदाहरणात अनलोडची वीज 14,400 वरून 19,800 युनिटांवर जाते. शिवाय सरासरी मागणी 2.16 वरून 1.62 घनमीटरवर येते. आता 20 एचपीचं, मिनिटाला 2.4 घनमीटर देणारं मशीन पुरेल का, हा प्रश्न विचारता येतो. गळतीसकट मोजलं असतं तर पुन्हा 30 चंच घेतलं असतं. वर व्हीएफडी ती गळती बिनबोभाट भरून काढतो. प्रेशर पडत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही.

गळती सापडते कुठे? मुख्य पाइपात क्वचितच. बहुतेक मशीनजवळच्या शेवटच्या दोन-तीन मीटरांत. कात्रीने तिरकी कापलेली पीयू ट्यूब पुश-फिट कनेक्टरमध्ये नीट बसत नाही. त्यासाठी ट्यूब कटरच हवा. क्विक कपलरची ओ-रिंग, एफआरएलच्या (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) वाटीचा ड्रेन, सैल पट्टी-क्लिप, पाणी आपोआप सोडणारा पण उघडा अडकलेला ऑटो ड्रेन, सगळं साबणाच्या फेसाने दिसतं. सिलिंडरचं सील मात्र मशीन चालू असतानाच बोलतं. बंद मशीनचा पुरवठा तोडायला प्रत्येकी एक बॉल व्हॉल्व्ह लावा. काम संपल्यावर प्रेशर सेटिंग थोडं थोडं खाली आणा, नाहीतर वाढलेल्या प्रेशरने उरलेली भोकं जास्त गळतात. 1 बार कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते. आणि हे काम एकदाच करून भागत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्टॉपवॉच.

व्हीएफडीचेही लाड असतात. फाउंड्रीची धूळ आणि उन्हाळ्यातली शेडची उष्णता ड्राइव्ह बिघडवते. मशीन सतत किमान वेगावर राहिलं तर तेल पुरेसं तापत नाही, पाणी त्यात मिसळतं आणि बेअरिंग जातं. मागणी दिवसभर 90 टक्क्यांच्या वर असेल तर साधा कॉम्प्रेसरच स्वस्त पडतो. जुन्या मशीनला बाहेरून ड्राइव्ह जोडण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये: मोटरच्या शाफ्टवरचा पंखा मंद झाला की थंडावा कमी पडतो, आणि एअर-एंड (हवा दाबणारा स्क्रूचा भाग) त्या वेगांसाठी बनवलेलाच नसतो.

पैसे अडकवायचे नसतील तर एक मधला मार्ग आहे. रिसीव्हर, म्हणजे हवेची टाकी, 500 लिटरचा असेल तर 1,000 चा करा. टाकी लहान असली की सम्पचं (कॉम्प्रेसरमधल्या तेलाच्या टाकीचं) प्रेशर पूर्ण उतरण्याआधीच मशीन पुन्हा लोड घेतं, आणि 7.5 किलोवॉटचा अनलोड प्रत्यक्षात त्याहून बराच महाग पडतो.

गळती 10 टक्क्यांखाली आली, आठवडाभर एअर फ्लो मीटर लावून शिखर मागणी मोजली आणि ती 20 एचपीत बसली, तर व्हीएफडी जरूर घ्या. कोटेशनमध्ये आयएसओ 1217 (कॉम्प्रेसर चाचणीचं मानक) नुसार 100, 70 आणि 40 टक्के प्रवाहाला मिनिटाच्या दर घनमीटरमागे किती किलोवॉट लागतात, हे पूर्ण पॅकेजसाठी लिहून मागा. फक्त मोटरचा आकडा देणाऱ्याला परत पाठवा.