परदेशी अभ्यासक्रम आणि आपली हरळी : गोल्फ कोर्स अधीक्षकांच्या निरंतर शिक्षणाचे परीक्षण

शेतकरी ज्या हरळीला कुदळीने खणून बांधावर फेकतो, त्याच हरळीच्या संकरित भावंडांना तीन-चार मिलिमीटर उंचीवर जिवंत ठेवण्यासाठी गोल्फ कोर्सचा अधीक्षक पगार घेतो. हे काम शिकवणारे पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे जवळजवळ नाहीत. आमच्यापैकी बहुतेक जण कृषी किंवा उद्यानविद्या शिकून या व्यवसायात येतात आणि उरलेले सारे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड कापलेल्या हिरवळीवर, उभे राहून, चुका करत शिकतात. पुण्याजवळच्या एका १८ होलच्या कोर्सवर काम करताना गेली चार वर्षे मी अमेरिकेतील जीसीएसएए या संघटनेच्या शिक्षणसेवेचा सदस्य म्हणून उपयोग करत आहे. सदस्यत्व घ्यावे का, असे सहकारी वारंवार विचारतात, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

जीसीएसएए ही अमेरिकेतील गोल्फ कोर्स अधीक्षकांची संघटना १९२६ साली ओहायो राज्यात स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय सध्या कॅन्ससमधील लॉरेन्स येथे आहे. १९७१ पासून ती प्रमाणित अधीक्षक ही पदवी देते. या पदवीचे मला आवडलेले वैशिष्ट्य असे की ती एकदा मिळाली म्हणून कायमची राहत नाही. ठरावीक वर्षांनी शिक्षणाचे गुण दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. गुण मोजण्याची रीतही सरळ आहे, एका तासाच्या वर्गाला ०.१ गुण, म्हणजे दहा तास बसल्यावर एक गुण पदरात पडतो. मी प्रमाणपत्राच्या मागे लागलेलो नाही. आपल्याकडच्या क्लब समित्या नावापुढे लागणाऱ्या त्या पदवीच्या अक्षरांकडे पाहून पगार ठरवत नाहीत, हे त्यामागचे स्पष्ट कारण आहे.

सेवेचा गाभा म्हणजे वेबिनार. कॅन्ससमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आणि पहाटे पाचला कोर्सवर हजर होणाऱ्या माणसासाठी ही वेळ सोयीची नाही. सुदैवाने व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे उपलब्ध असतात आणि मी ती दुपारी, यंत्रे धुवून ठेवल्यावर पाहतो. बोलणारे बहुतांशी विद्यापीठांतील संशोधक किंवा स्वतः कोर्स सांभाळणारे अधीक्षक असतात. मागे आपल्याकडे एका कार्यशाळेत दिवसभर बसलो होतो, तेव्हा चारपैकी तीन व्याख्याने खतविक्रेत्यांची निघाली आणि शेवटी हातात नमुन्याच्या बाटल्या मिळाल्या. त्या पार्श्वभूमीवर हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

पाणी, वाळू आणि मोजमाप या विषयांवरचे शिक्षण उत्कृष्ट आहे. यूएसजीए या अमेरिकेतील गोल्फ संघटनेने ठरवलेल्या पद्धतीच्या ग्रीनमध्ये सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान थराखाली १० सेंटिमीटर खडी का असते, पाणी त्या सीमेवर का थबकते आणि वरचा थर पुरेसा भिजल्यावरच खाली का सुटते, हे मी आधी पाठ केले होते. समजले ते या वर्गांतून. काळ्या मातीवर बांधलेल्या आमच्या जुन्या ग्रीन जुलैमध्ये का चिखलतात आणि त्यांवर वरून कितीही वाळू टाकली तरी निचरा का सुधारत नाही, हे त्यानंतर मला समितीपुढे आकृती काढून सांगता आले. एकाच व्याख्यानामुळे सदस्यत्वाची वर्गणी वसूल होते, असे मी म्हणेन तर ते याच व्याख्यानाबद्दल.

वेळापत्रकाचा भाग आला की मात्र सावध राहावे. अमेरिकेच्या दक्षिण भागात बर्म्युडा म्हणजे हरळीच्या ग्रीनला, मातीत हवा खेळावी म्हणून, छिद्रे पाडण्याचे काम उन्हाळ्याच्या ऐन भरात, जून-जुलैमध्ये करतात, कारण तेव्हा गवत जोमाने वाढते आणि छिद्रे लवकर भरून येतात. पहिल्या वर्षी मी ते जसेच्या तसे उचलले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात छिद्रे पाडली, वाळू पूर्ण भरण्याआधीच पाऊस कोसळला, आणि पुढचे अडीच महिने ढगाळ हवेत ती भोके तशीच राहिली. दोष सर्वस्वी माझा होता. व्याख्यात्याने आपण कोणत्या हवामानाबद्दल बोलतो ते पहिल्याच मिनिटाला सांगितले होते. आता आम्ही हे काम एप्रिलमध्ये उरकतो.

रोगांच्या भविष्यवाणीचेही तेच. डॉलर स्पॉट या बुरशीजन्य रोगासाठी तिकडे स्मिथ-कर्न्स नावाचे गणिती प्रारूप शिकवतात, जे पाच दिवसांच्या सरासरी तापमानावरून आणि आर्द्रतेवरून रोगाची शक्यता काढते आणि ती २० टक्क्यांच्या वर गेली की फवारणीचा विचार करण्यास सांगते. मोसमी पावसात आर्द्रता आठवडेच्या आठवडे खाली येत नसल्याने हा आकडा आमच्याकडे धोक्याच्या रेषेवरच चिकटून बसतो. रोज वाजणारी धोक्याची घंटा ही घंटा नसल्यासारखीच असते. ऑक्टोबरपासून पुढे, रात्री थंड होऊन दव पडू लागले की, तेच प्रारूप उपयोगी वाटू लागते.

किडींच्या बाबतीत तर मला उलटाच अनुभव आला. मुळे खाणाऱ्या अळ्यांवरचा तिकडचा अभ्यास बराचसा जपानी भुंगेऱ्याभोवती फिरतो, ज्याची अंडी भर उन्हाळ्यात पडतात आणि ज्याच्या प्रतिबंधक औषधाची वेळ त्या हिशेबाने ठरते. आपली हुमणी वळवाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून बाहेर येते आणि संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर जमते. उसाच्या पट्ट्यातला कोणताही शेतकरी हे जाणतो, प्रकाशसापळे लावतो, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करतो. या विषयासाठी मला एकाही वेबिनारपेक्षा कृषी विभागाची ऊस उत्पादकांसाठीची माहितीपत्रके अधिक कामाची वाटली. कोर्सच्या कडेच्या बाभळी आम्ही आता मे महिन्याच्या अखेरीपासून रोज संध्याकाळी तपासतो.

या सेवेच्या जोडीने दोन विनामूल्य स्रोत वापरावेत, असे मी आग्रहाने सुचवतो. यूएसजीएचा ग्रीन विभाग १९२० पासून काम करतो आणि त्याचे लेखन सर्वांना खुले आहे. दुसरा, आणि आपल्यासाठी अधिक जवळचा, म्हणजे मायका वुड्स यांच्या एशियन टर्फग्रास सेंटरचे साहित्य. पेस टर्फ या अमेरिकी सल्लासंस्थेबरोबर त्यांनी मांडलेल्या एमएलएसएन या खतनियोजनाच्या पद्धतीत मातीत पालाश ३७ पीपीएमच्या (दर दहा लाख भागांत ३७ भागांच्या) खाली जाऊ देऊ नये, असा किमान पातळीचा विचार आहे. अमुक इतके खत टाकलेच पाहिजे असा हट्ट नाही. मात्र ते आकडे मेहलिक-३ या परीक्षण पद्धतीचे आहेत आणि आपल्या प्रयोगशाळा स्फुरदासाठी साधारणतः ओल्सन पद्धत वापरतात, त्यामुळे अहवाल थेट शेजारी ठेवून तुलना करू नये.

तिथेच शिकवले जाणारे वाढक्षमतेचे सूत्र मी नत्राचे नियोजन करताना वापरतो. उष्ण प्रदेशातील गवतांसाठी ३१ अंश सेल्सिअस हे आदर्श तापमान धरले, तर पुण्याच्या डिसेंबरात, सरासरी २०-२१ अंशांना, वाढ कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश येते आणि नत्राचा हप्ताही त्याच प्रमाणात घटवता येतो. ऑगस्टमध्ये मात्र सूत्र फसवते. त्याला तापमान कळते, ढग कळत नाहीत. सूर्य न दिसलेल्या आठवड्यात ते सांगेल तेवढे नत्र दिले तर कोवळे, लुसलुशीत गवत आणि त्यामागोमाग पानांवरचे ठिपके हमखास येतात.

भाषा ही खरी अडचण आहे, आणि ती माझी नाही. ग्रीन कापणारे, होल बदलणारे, पहाटे दव झाडणारे आमचे माळी आसपासच्या गावांतील आहेत, आणि या सगळ्या शिक्षणातले त्यांच्यापर्यंत काहीही आपोआप पोहोचत नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या कामगारांची गरज तिकडच्या प्रशिक्षणात ओळखली जाते. मराठीची अपेक्षा त्यांच्याकडून करणे अर्थातच अवाजवी ठरेल, ते काम आपल्या अधीक्षकांनीच करायला हवे. वुड्स यांच्या शिकवणीतील कापलेल्या गवताचे आकारमान मोजण्याची पद्धत मी याच कारणासाठी आधी निवडली, कारण तिला खुणा केलेल्या बादलीपलीकडे काही लागत नाही. कापणी झाली की गवत बादलीत टाकायचे, न दाबता सारखे करायचे आणि किती लिटर भरले ते लिहायचे. आमचे मुख्य माळी दादा गेली दोन वर्षे चौपन्न पानी वहीत रोजचे आकडे लिहितात. मागच्या सप्टेंबरात मी खताचा हप्ता द्यायला काढला, तेव्हा त्यांनी वही पुढे धरली आणि म्हणाले, "साहेब, सात नंबरच्या ग्रीनची बादली अजून खाली आलेली नाही, आठवडाभर थांबा." आम्ही थांबलो. वर्गणीचे नूतनीकरण मी या वर्षीही केले आहे.