फोल्डिंग सायकलला सस्पेन्शन सीटपोस्ट: कुठला चालतो, कुठे अडतो

छोट्या चाकाची सायकल दणके जास्त देते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. पण किती जास्त, ते एकदा आकड्यांत पाहिलेलं बरं. मोठ्या सायकलच्या नेहमीच्या ७०० सी चाकाला ३२ मिमी टायर असेल तर त्याची त्रिज्या ३४३ मिमीच्या आसपास येते. समोर २५ मिमी उंचीची कड आली की हे चाक साधारण २२ अंशांच्या कोनात वर उचललं जातं. ४०६ मिमी रिमच्या वीस इंची चाकाला (४० मिमी टायर धरून) तीच कड २६ अंशांची आणि ब्रॉम्प्टन या छोट्या चाकाच्या फोल्डिंग सायकलच्या ३४९ मिमी रिमला २८ अंशांची होते. शिवाय मोठं चाक तेवढं वर चढायला तेरा सेंटिमीटर घेतं, ब्रॉम्प्टनचं दहाच. म्हणजे चढ जास्त उभा आणि वेळ कमी. त्यात फोल्डिंगवर आपण बऱ्यापैकी ताठ बसतो, त्यामुळे शरीराचं बहुतेक वजन मागच्या चाकावर आणि तिथून थेट मणक्यावर येतं.

यावर सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे दणके शोषणारा सीटचा दांडा, हा उपाय चांगला आहे, पण त्याचा क्रमांक दुसरा. पहिला टायरचा. फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली जागा असेल तर ५०-४०६ मापाचा (५० मिमी रुंद, ४०६ रिमचा) टायर, उदाहरणार्थ श्वाल्बेचा बिग ॲपल, बसवा आणि हवा कमी ठेवून पाहा. मागच्या टायरमध्ये अंगठा दाबल्यावर तो दगडासारखा लागत असेल, तर कुठलाही सीटपोस्ट पैसे वसूल करून देणार नाही. बाजूवर छापलेल्या किमान दाबाच्या खाली मात्र जाऊ नका, कडेवर आदळल्यावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि दोन समांतर भोकांचं पंक्चर मिळतं. सीटपोस्टचा हातांना काही उपयोग नाही, हेही आधीच लक्षात घ्या. मनगटं दुखत असतील तर तो खर्च पुढच्या टायरवर आणि ग्रिपवर करावा.

आता सीटपोस्टकडे. बाजारात दोन जाती आहेत.

पहिली टेलिस्कोपिक. नळीत नळी, आत स्प्रिंग, कधी सोबत रबराचा तुकडा. स्वस्त असते, दिसायला साध्या पोस्टसारखी असते, आणि फोल्डिंगच्या जाड मापात थेट बसणारा सस्पेन्शन पोस्ट दिसला तर तो बहुधा याच जातीचा असतो. अडचण अशी की आतली नळी सीट ट्यूबच्या (फ्रेमच्या ज्या नळीत पोस्ट बसतो तिच्या) तिरक्या रेषेतच सरकते, तर बसणाऱ्याचा भार त्या रेषेच्या थोडा मागे पडतो. त्यामुळे नळी खाली सरकण्याआधी बुशवर (दोन नळ्यांमधल्या अस्तरावर) तिरकी दाबली जाते आणि अडकते. मोठ्या खड्ड्यात ती हलते. बारीक खडबडीत, म्हणजे पेव्हर ब्लॉक, डांबरातल्या भेगा, उखडलेली खडी अशा ठिकाणी, जिथे तिची खरी गरज आहे तिथे, ती गप्प बसते. पुढे बुश झिजले की सॅडलचं, म्हणजे सीटचं, नाक डावी-उजवीकडे हलायला लागतं. सायकलला आधीच चांगला टायर असेल तर या जातीवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी जात समांतरभुज, म्हणजे पॅरेललोग्राम. सॅडलखाली दोन जोड-दांडे असतात आणि सॅडल मागे-खाली अशा कमानीत जातं. इथे नळी नळीवर घासत नाही, पिव्होट (दांड्यांचे सांधे) फिरतात, म्हणून बारीक थरथरही शोषली जाते. सॅडल मागे जात असल्याने पेडलपासूनचं अंतर फारसं घटत नाही, त्यामुळे गुडघ्याला ‘सीट खाली गेली’ असं वाटत नाही. या वर्गातले माहितीतले पर्याय: एसआर सनटूर एसपी१२ एनसीएक्स (५० मिमी प्रवास, म्हणजे सॅडल दबण्याचं अंतर; नळीत कॉइल स्प्रिंग), केन क्रीकचा थडबस्टर एसटी (चौथ्या पिढीत ५० मिमी, रबराचा इलास्टोमर), रेडशिफ्टचा शॉकस्टॉप (३५ मिमी, आत दोन स्प्रिंगची सोय) आणि केन क्रीकचाच ईईसिल्क (२० मिमी). शेवटचा हलका आहे, पण छोट्या चाकाच्या दणक्याला २० मिमी अपुरे पडतात. वीस इंची सायकलसाठी एनसीएक्स किंवा थडबस्टर एसटी यांतून निवडावं. वेगाने, दमदार पेडल मारत जाणाऱ्याला शॉकस्टॉप जास्त आवडेल, कारण तो कमी डुलतो.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गोची मापात.

डाहॉन आणि टर्न या फोल्डिंग ब्रँडच्या बहुतेक सायकलींना ३३.९ मिमी जाडीचा पोस्ट लागतो. वरचे सगळे पोस्ट २७.२, ३०.९, ३१.६ अशा नेहमीच्या मापांत येतात. मधली जागा भरायला शिम, म्हणजे उभी फट असलेली नळी, लागते. २७.२ च्या पोस्टला शिमची भिंत ३.३५ मिमी, ३०.९ ला १.५, ३१.६ ला १.१५. जुन्या पोस्टच्या तळाशी किंवा किमान खोलीच्या खुणेजवळ माप कोरलेलं असतं, तरी व्हर्नियरने एकदा मोजून घ्या. शिम निदान १०० मिमी लांब असावी आणि तिला वर कॉलर (बाहेर आलेली कड) हवीच. कॉलर नसलेली शिम रोजच्या उघड-मिटीत सीट ट्यूबच्या आत उतरते आणि मग ती काढणं म्हणजे डोकेदुखी. शिमची फट फ्रेमच्या फटीला जुळवा, म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही एकत्र मिटतात.

दुसरं माप लांबीचं, आणि बहुतेक जण इथेच फसतात. फोल्डिंगचा मूळ पोस्ट साडेपाचशे-सहाशे मिमी लांब असतो. सस्पेन्शनवाले ३५० किंवा ४०० चे. मागवण्याआधी असा हिशेब करा: सीट तुमच्या उंचीला लावा आणि फ्रेमच्या क्लॅम्पच्या वरच्या काठापासून सॅडलच्या रेलपर्यंत (खालच्या धातूच्या सळ्यांपर्यंत) मोजा. त्यात किमान आत राहायला हवी ती लांबी (पोस्टवर खूण असते, नसेल तर १०० मिमी धरा) मिळवा. वजनाने सीट खाली बसते त्याचे आणखी १० मिमी. समजा मोजणी २७० आली, तर २७० अधिक १०० अधिक १० म्हणजे ३८०. ४०० चा पोस्ट चालेल, ३५० चा नाही. मोजणी ३१० आली तर बेरीज ४२० होते आणि ४०० चाही बाद. खूण दिसेपर्यंत वर ओढून ‘चालतंय की’ म्हणणं इथे नको. उंच पोस्ट म्हणजे लांब तरफ, आणि तुटते ती फ्रेमची सीट ट्यूब.

मोजणी बाद झाली तर एक्स्टेंडर वापरावा लागतो. बाहेरून ३३.९ आणि आतून २७.२ अशी लांब ॲल्युमिनियम नळी, तिच्या डोक्यावर वेगळा क्लॅम्प. तिच्यात २७.२ चा सस्पेन्शन पोस्ट बसतो. उंच माणसासाठी हाच खात्रीचा रस्ता आहे, आणि त्याचा आणखी एक फायदा पुढे येतो. किमान खोलीच्या खुणा इथे दोन पाळायच्या: एक्स्टेंडरची फ्रेममध्ये आणि पोस्टची एक्स्टेंडरमध्ये. मूळ पोस्टचं डोकं कापून त्याचाच एक्स्टेंडर करायची कल्पना सुचली तर सोडून द्या. मूळ पोस्टची भिंत पातळ असते, आतलं माप जुळत नाही, आणि कापलेल्या टोकाला क्लॅम्पची फट कोण पाडणार?

घडीचं काय? डाहॉन-टर्न धाटणीच्या अनेक सायकलींत मूळ पोस्ट पूर्ण खाली ढकलला की त्याचं टोक पेडलच्या धुरीखाली जमिनीला टेकतं आणि मिटलेली सायकल त्यावर उभी राहते. ४०० चा पोस्ट तिथवर पोचत नाही. सायकल मग चेनरिंगवर टेकते, नाहीतर आडवी होते. एक्स्टेंडर मूळ पोस्टएवढा लांब घेतला तर टेकू शाबूत राहतो. मात्र जोड-दांड्यांचं डोकं फ्रेममध्ये शिरत नसल्याने मिटलेली उंची दहा-बारा सेंटिमीटरने वाढतेच. रेल्वेत सीटखाली किंवा गाडीच्या डिकीत सायकल जेमतेम मावत असेल तर हे आधी पट्टी लावून पाहा. सॅडल मिटलेल्या हँडलच्या दांड्याला लागतं का, तेही.

ब्रॉम्प्टनवाल्यांनी या भानगडीत पडू नये. तिथे पोस्ट खाली घातल्यावरच फ्रेमचा मागच्या चाकाचा त्रिकोण घडीत अडकून राहतो, आखूड पोस्टने ते कुलूपच लागत नाही. पोस्टचं माप ३१.८ आहे म्हणून ३१.६ चा चालेल असा मोह होतो. तो आत जातो आणि क्लॅम्प आवळल्यावर धरल्यासारखाही वाटतो, पण ०.२ मिमीची ढील सीट ट्यूबमधल्या प्लास्टिकच्या स्लीव्हवर (अस्तरावर) येते. सीट गोल फिरते किंवा हळूहळू खाली बसते, आणि पोस्ट थांबावा म्हणून जास्त आवळलं की क्लॅम्पचा जीव जातो. ब्रॉम्प्टनला मागे रबरी ब्लॉक असतोच. तो जुना, चेपलेला असेल तर बदला, कडक असेल तर नेहमीचा मऊ लावा, आणि उरलेलं काम स्प्रिंगच्या सॅडलवर सोडा.

बसवल्यावरची जुळणी. आधी स्प्रिंग किंवा इलास्टोमर वजनाप्रमाणे निवडा. सोबत येणारा भाग मध्यम वजनाचा असतो, पन्नास किलोच्या आतल्या माणसाला तो दगड आणि शंभरच्या पुढच्याला लोळागोळा लागतो. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) फिरवून हा फरक भरून निघत नाही, त्याने फक्त सुरुवातीचा दाब बदलतो. सॅग, म्हणजे बसल्यावर सीट किती दबते ते, प्रवासाच्या १५ ते २० टक्के हवं. ५० मिमीच्या पोस्टला साडेसात ते दहा मिमी. दुसऱ्या कुणाला तरी पट्टी धरायला सांगा: पोस्टच्या स्थिर भागावरच्या एका ठिकाणापासून रेलपर्यंत, आधी रिकामी, मग तुम्ही पाय पेडलवर ठेवून नेहमीसारखे बसलेले असताना. उतरताना सीट मोकळी सोडा, हाताने दाबून मोजू नका, हाताचा भार वेगळ्या कोनात येतो.

एनसीएक्सचा प्रीलोड स्क्रू नळीच्या तळाशी असतो. इथे क्विक रिलीजचा, म्हणजे हाताने उघडणाऱ्या क्लॅम्पचा, फायदा मिळतो, पोस्ट उपसून ॲलन कीने अर्धा वळसा द्यायला अर्धा मिनिट पुरतं. स्क्रू नळीच्या टोकाबाहेर डोकावू देऊ नका, तसं झालं तर त्याचे थोडेच आटे धरून राहतात. सॅग जमला की सीट तेवढीच वर घ्या. पोस्टचे दांडे सॅडल थोडं मागे नेतात आणि उंच लावलेल्या तिरक्या पोस्टवर ते अजून मागे गेलेलं असतं. हँडल लांब वाटत असेल तर रेलवर सॅडल पाच-दहा मिमी पुढे सरकवा, नाक आडवं ठेवा. लाइट, पिशवी, कुलपाचं ब्रॅकेट हलणाऱ्या डोक्यावर नको, खालच्या स्थिर नळीवर लावा.

पेडलच्या तालावर सीट उडत असेल तर आधी सीटची उंची तपासा. जास्त उंच सीटवर कंबर डुलते आणि तेच डोलणं पोस्ट वाढवून दाखवतो. त्यानंतर प्रीलोड. कुरकुर ऐकू आली तर पिव्होटवर संशय घेण्याआधी सॅडलचा क्लॅम्प आणि शिम पाहा. बहुतेकदा आवाज शिमच्या दोन्ही अंगांना साचलेल्या बारीक वाळूचा असतो. पोस्ट काढा, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा. प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये ग्रीस लावू नका, घसरेल.

पिव्होटवर कापडी कव्हर आवर्जून घाला. छोट्या मागच्या चाकाचा चिखल त्यांवरच उडतो, आणि मडगार्ड आखूड असेल तर जास्तच. पावसाळ्यानंतर एकदा कव्हर काढून पिव्होट पुसावेत, उत्पादकाच्या पत्रकाप्रमाणे ग्रीस द्यावं. इलास्टोमर असेल तर थंडीत तो कडक आणि उन्हाळ्यात मऊ होतो, ऋतू बदलला की सॅग पुन्हा मोजा. त्याच्यावर भेगा दिसल्या, किंवा उतरल्यावर तो पूर्ण उंचीला परत येत नसेल, तर बदलायची वेळ झाली.