तीन ऑफर हातात आहेत? सही करण्याआधी ड्युटी चार्ट बघा

नर्सिंगचा निकाल लागला, नोंदणी झाली आणि एकाच आठवड्यात तीन ठिकाणांहून पत्रं आली की आनंदाबरोबर घालमेलही सुरू होते. माझं तसंच झालं होतं. पहिलं पत्र एका मोठ्या, नावाजलेल्या रुग्णालयाच्या आयसीयूचं. दुसरं मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डचं. तिसरं दिवसा चालणाऱ्या शस्त्रक्रिया केंद्राचं, जिथे नाइट ड्युटी नाही आणि आठवड्याची सुट्टी ठरलेली. मी पहिलं स्वीकारलं, आठ महिने काम केलं आणि मग दुसरीकडे गेलो. गेली सहा वर्षं तिथेच आहे. तिसरीकडे माझी बॅचमेट लागली, त्यामुळे तिथलंही जवळून कळत राहिलं. मी अगदी तटस्थ आहे असं म्हणणार नाही, पण तिन्ही बाजू जशा दिसल्या तशा मांडतो.

पगार, रजा, विमा, राहण्याची सोय हे सगळं पत्रात लिहिलेलं असतं आणि ते तुम्ही एव्हाना दहा वेळा वाचलं असेल. जे पत्रात नसतं, किंवा असूनही नजरेतून सुटतं, त्याबद्दल बोलू.

आधी आयसीयू. नव्याने तिथे जाऊ नये, झेपणार नाही, असं बरेच सीनियर सांगतात. मला ते फारसं पटलेलं नाही. तिथे एका स्टाफकडे, म्हणजे एका नर्सकडे, एक किंवा दोन पेशंट असतात, शेजारच्या बेडला अनुभवी माणूस असतो आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर. कॅलिफोर्नियाने २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट हे कायद्यानेच बांधलं, त्यातही आयसीयूसाठी दोन आणि मेडिकल-सर्जिकल वॉर्डसाठी आधी सहा, मग पाच असा आकडा ठरला. म्हणजे नव्या माणसाला श्वास घ्यायला जागा असेल तर ती आयसीयूतच, असंही कुणी म्हणू शकेल.

शिकायलाही भरपूर मिळतं. औषध मोजून देणारा इन्फ्युजन पंप, धमनीतली आर्टेरिअल लाइन, एबीजीचा (रक्तातल्या वायूंचा) रिपोर्ट या गोष्टी दोन महिन्यांत हाताखालच्या होऊन जातात. मला शिकवायला ज्या सिस्टर होत्या, त्यांनी सक्शन, म्हणजे श्वासनळीतला कफ नळीने ओढून काढणं, शिकवलं ते मी आजही तसंच करतो. कॅथेटर आत जाताना सक्शन बंद, बाहेर येताना सुरू, आणि पंधरा सेकंदांच्या आत बाहेर. त्या म्हणायच्या, ‘कॅथेटर आत घातलास की स्वतःचा श्वास रोखून धर. तुला घुसमटायला लागलं की समज, त्यालाही तेच होतंय.’ असं शिकवणारं माणूस मिळणं हे मोठ्या रुग्णालयाचं खरं वैभव आहे, आणि त्या आठ महिन्यांसाठी मी आजही ऋणी आहे.

एक मात्र होतं. मॉनिटरची सवय लागते. आकडा समोर असतो, तो बिघडला की अलार्म वाजतो आणि आपण धावतो. अलार्म नसलेल्या ठिकाणी आपलं लक्ष कशावर असायला हवं, हे मला तिथे कळलं नाही.

तिथली ड्युटी बारा तासांची होती. बारा तासांना माझा विरोध नाही, आठवड्याचे मोकळे दिवस जास्त मिळतात. पण ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, देता-घेता रोज अर्धा-पाऊण तास वर जायचा. अॅन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केलेल्या अभ्यासात, काम साडेबारा तासांवर गेलं की नर्सच्या हातून चूक होण्याची शक्यता तिपटीच्या घरात जाते असं आढळलं होतं. म्हणजे बारा तासांची ड्युटी विचारलीत तर ‘ओव्हरसकट किती?’ हेही विचारा.

शस्त्रक्रिया केंद्राबद्दल थोडक्यात. घरी लहान मूल असेल, कुणी आजारी असेल, किंवा पुढच्या परीक्षेची तयारी चालू असेल तर ही नोकरी सोन्यासारखी आहे. माझी बॅचमेट पहिलं वर्षभर खूश होती, झोप पूर्ण व्हायची, चेहऱ्यावर तकाकी होती. पण तिथे येणारे पेशंट निवडून घेतलेले असतात, बहुतेक धडधाकट, संध्याकाळी घरी जाणारे. दुसऱ्या वर्षी ती मला म्हणाली, ‘पेशंट खालावतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी अजून डोळ्यांनी पाहिलंच नाही.’ तिथे चार-पाच वर्षांचा अनुभव घेऊन गेलेल्याला ही अडचण येत नाही. पहिल्याच नोकरीत मात्र ही जागा थोडी लवकर होते, असं मला वाटतं.

आता मेडिसिन वॉर्ड. याची दुखरी नस म्हणजे पेशंटची संख्या, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. लिंडा एकेन यांचा २००२ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या १६८ रुग्णालयांवरचा अभ्यास आपल्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. त्यामुळे वॉर्डची ऑफर असेल तर एका स्टाफकडे किती पेशंट, हा प्रश्न टाळू नका. आणि विचाराल तेव्हा नाइटचा आकडा विचारा. मुलाखतीत सांगतात तो आकडा बहुधा सकाळचा असतो, जेव्हा इनचार्ज, विद्यार्थी, फिजिओ सगळेच वॉर्डात असतात.

पण वॉर्डने मला जे दिलं ते आयसीयूने दिलं नव्हतं. तिथे पेशंट चार-पाच दिवस आपल्याच नजरेखाली असतो. एक आजोबा होते, न्यूमोनियाचे, सुधारत चाललेले. रोज सकाळी उशी उंच करून वर्तमानपत्र वाचत बसायचे. एके दिवशी गेलो तर पेपर घडी न मोडता तसाच मांडीवर. विचारलं तर ‘काही नाही, कंटाळा आला’ म्हणाले. बीपी ठीक, ताप नाही, सॅच्युरेशनही (रक्तातला ऑक्सिजन) वाईट नव्हतं. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजले, ते सव्वीस भरले. आदल्या दिवशी अठरा होते. डॉक्टरांना लगेच कळवलं आणि दुपारच्या आत उपचार बदलले. श्वासाचा वेग बहुतेकदा बाकी सगळ्यांच्या आधी बिघडतो हे पुस्तकात वाचलं होतंच. न मोडलेली घडी दिसायला मात्र तोच पेशंट, तोच वॉर्ड, चौथा दिवस असावा लागतो.

माझा निर्णय मात्र याहून साध्या, रोजच्या जाचामुळे झाला. आयसीयूत तीन महिने सीनियरबरोबर काढल्यावर मला स्वतंत्र ड्युटी मिळाली. त्यानंतर आयसीयूत बेड रिकामे असले की स्टाफ ‘जास्तीचा’ ठरायचा आणि जिथे कमी असेल त्या वॉर्डात पाठवला जायचा. जुन्या लोकांचा आपसात क्रम लागलेला असायचा, त्यामुळे बहुतेक वेळा पाळी नव्यावर. ड्युटीला आलो, कपडे बदलले, ओव्हर घ्यायला उभा राहिलो की फोन यायचा: आज तू वरच्या मजल्यावर. एखाद्या आठवड्यात तीनदा, कधी एकाच ड्युटीत दोन वॉर्ड.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. अनुभवी माणसाला ते झेपतंही. नव्याचं काय होतं ते सांगतो. एका रात्री मला ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या, वॉर्डात पाठवलं. पहाटे चारच्या सुमारास एका डायबेटिक पेशंटच्या मुलीने हाक मारली. बाई घामाने चिंब, हाक मारली तर डोळे उघडतात पण उत्तर धड नाही. शुगर बघितली, अडतीस, म्हणजे धोकादायक कमी. बाईंच्या हातात सलाइनची सुई होती, काय द्यायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं, डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. पण डेक्स्ट्रोज, म्हणजे शिरेतून द्यायची साखर, कुठे? आमच्या आयसीयूत इमर्जन्सी ट्रॉलीच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, डाव्या बाजूला. इथे दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ड्रेसिंगचं सामान. तिसऱ्यात कॅथेटर. डेक्स्ट्रोज होतं भिंतीवरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्या वॉर्डच्या सिस्टरच्या खिशात आणि सिस्टर टोकाच्या खोलीत पेशंटची कूस बदलत होत्या. मी धावत गेलो, किल्ली आणली, डेक्स्ट्रोज दिलं. बाई दहा मिनिटांत बोलायला लागल्या. मधे गेलेली चार-पाच मिनिटं मात्र माझ्या अंगावर कायमची राहिली. ज्ञान कमी पडलं नव्हतं. मी परक्या घरात होतो.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले, नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत. ते आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केले. त्यातली एक गोष्ट मला त्या रात्रीनंतर उमगली. कितीही अनुभवी नर्स असो, ज्या प्रकारचे पेशंट तिने कधी हाताळले नाहीत तिथे गेली की ती पुन्हा नवशिकी असू शकते, असं बेनर म्हणतात. मग जो मुळातच नवशिका आहे त्याला दर आठवड्याला नव्या वॉर्डात उभं केलं तर तो पुढच्या टप्प्यावर जाणार कधी?

दोष त्या इनचार्ज सिस्टरांचा होता असं मी म्हणणार नाही. माणसं कमी होती, कुणाला तरी पाठवावं लागणारच होतं. पण पहिल्या वर्षात ते मी नसतो तर बरं झालं असतं, एवढं मला प्रामाणिकपणे वाटतं.

म्हणून तिन्ही ठिकाणी एकदा प्रत्यक्ष जा आणि मागच्या महिन्याचा ड्युटी चार्ट बघायला मागा. बहुतेक ठिकाणी तो स्टेशनच्या मागे भिंतीवरच लावलेला असतो. माझ्या पहिल्या ठिकाणच्या चार्टवर व्हाइटनरचे इतके थर होते की काही चौकोन बोटाला खडबडीत लागायचे. नावापुढच्या ड्युटीच्या अक्षराच्या बाजूला बारीक अक्षरात दुसऱ्याच वॉर्डाचं नाव. दुसऱ्या ठिकाणी चार आठवड्यांचा चार्ट पेनाने लिहिलेला होता, मोजून तीन खाडाखोडी. मी त्या दिवशी पेशंटची संख्या, यंत्रसामग्री काहीच विचारलं नसतं तरी चाललं असतं, असं आता वाटतं.

तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. क्रिटिकल केअरमध्येच पुढे जायचं हे ज्याचं पक्कं आहे, त्याने आयसीयू सोडू नये, फक्त बाहेर पाठवण्याबद्दल आधी बोलून घ्यावं. वॉर्डात नाइटला एका स्टाफकडे पंधरा-वीस पेशंट असतील तर तो वॉर्ड कितीही आपुलकीचा असला तरी मी दोनदा विचार करीन. पण आकडे सुसह्य असतील आणि निवड माझ्यावर सोडलीत, तर एकाच वॉर्डात सलग वर्षभर ठेवणारी जागा मी आधी उचलीन, नाव थोडं कमी असलं तरी.

आणि तोंडी आश्वासनावर थांबू नका. ‘पहिलं एक वर्ष नेमलेल्या वॉर्डाबाहेर पाठवणार नाही’ ही ओळ पत्रात मागा. दुसऱ्या रुग्णालयाने ती घालून द्यायला दोन दिवस घेतले, पण घालून दिली. पहिल्या ठिकाणी मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा ऑफिसातल्या माणसाने माझंच नेमणूक पत्र फाइलमधून काढलं, नववं कलम उघडलं आणि त्यातल्या ‘संस्थेच्या गरजेनुसार कोणत्याही विभागात’ या शब्दांवर पेन ठेवलं. खाली माझी सही होती.